विश्लेषण : सात सामन्यांत २६ गोल, पण पहिला मोठा करार तिशीत, बाला देवीची कारकीर्द काय सांगते?

२९ जानेवारी २०२० रोजी स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने मणिपूरच्या एन. बाला देवीशी १८ महिन्यांचा करार केला. परदेशात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. आपण सगळ्यांनी बातमी शेअर केली, 'अभिमानास्पद' लिहिलं आणि पुढे स्क्रोल केलं. त्यातल्या एका गोष्टीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. चारच दिवसांनी बाला तीस वर्षांची होणार होती.

तीस म्हणजे उशीर का?

फॉरवर्डचं काम फक्त गोल मारणं नसतं. बचावपटूच्या पाठीमागे नेमकं कधी पळायचं, ऑफसाइड न होता पास कुठे घ्यायचा, हा अंदाज सामने खेळूनच येतो. सरावात तो तयार होत नाही. आणि हे पळणं विशीत जसं जमतं तसं नंतर जमत नाही.

बालाच्या विशीत सामने होतेच कुठे? २००९ मध्ये बराच काळ एकही सामना न खेळल्याने भारतीय महिला संघ फिफाच्या क्रमवारीतून चक्क बाहेर फेकला गेला होता. तेव्हा ती १९ वर्षांची होती. पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. महिलांची 'इंडियन वुमेन्स लीग' आली थेट २०१६-१७ च्या मोसमात. तोवर पोटापाण्याला मणिपूर पोलिसांतली नोकरी होती.

२६ गोलांचं काय?

२०१८-१९ च्या लीगमध्ये मणिपूर पोलीस संघाकडून बालाने सात सामन्यांत २६ गोल केले. सामन्याला जवळपास चार! आकडा थक्क करणारा आहे, पण मला तो थोडा अस्वस्थही करतो. सामन्यामागे चार गोल होतात तेव्हा समोरचा बचावही कच्चा असतो. शिवाय ती अख्खी लीग लुधियानात मे महिन्यातच उरकली. उरलेले अकरा महिने देशातल्या सर्वोत्तम फॉरवर्डने काय करायचं?

रेंजर्समध्ये गेल्यावर कोरोनाने लीग थांबवली. ६ डिसेंबर २०२० रोजी मदरवेलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून तिने गोल केला. युरोपातल्या अव्वल लीगमध्ये भारतीय महिलेचा तो पहिला गोल. पुढे गुडघ्याची दुखापत आडवी आली. हेच सगळं बाविसाव्या वर्षी घडलं असतं, तर दुखापतीतून सावरून पुन्हा उभं राहायला तिच्या हाती वर्षं उरली असती.

आता काय बदललंय?

बदललंय, हे मान्य करायला हवं. पंजाबची मनीषा कल्याण २०२२ मध्ये, विशीतच, सायप्रसच्या अपोलोन क्लबकडे गेली आणि युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. २०२३-२४ मध्ये आपली लीग होम-अवे पद्धतीने झाली. महासंघाने क्लबमधल्या किमान दहा भारतीय खेळाडूंसाठी वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांच्या कराराची अटही २०२३ मध्ये जाहीर केली. महिन्याला साधारण २६ हजार. इंजिनीअरिंगनंतर कॅम्पसमध्ये आमच्या हातात पडलेलं पॅकेज याच्याच आसपास होतं, आणि त्यावर आम्ही वर्षभर कुरकुरलो. पण आमची कारकीर्द पस्तिशीत संपणार नव्हती.

तरीही २०२४-२५ मध्ये आठ संघ होते, म्हणजे प्रत्येकाला १४ साखळी सामने. इंग्लंडच्या अव्वल महिला लीगमध्ये त्या मोसमात बारा संघ खेळले आणि प्रत्येकाला २२ सामने मिळाले. संघ वाढवल्याशिवाय ही दरी भरणार नाही, आणि संघ काढायचे तर क्लबांना खिशात हात घालावा लागेल.

यात महाराष्ट्राचा विषय येतोच. २०२२ चा महिला आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. त्याच वर्षी मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची फायनलही नवी मुंबईतच झाली. २०२४-२५ च्या लीगमधल्या त्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.