घरचा डाव

वैशाखातले सोलापूरचे ऊन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना दुपारचे बारा ते पाच हे तास किती लांब असतात हे सांगावयास नको. पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, रस्ते ओस पडतात. नेमक्या याच दिवसांत मुंबईची आत्या, काका-काकू आणि त्यांची मुले सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी येऊन उतरतात. आणि सत्तरीची आजी व सात वर्षांचा नातू एकाच छपराखाली कोंडले जातात. या तासांचे करावे काय?

पुष्कळ घरांनी याचे सोपे उत्तर शोधले आहे. ज्याने त्याने आपापला मोबाईल घ्यावा आणि आपापला कोपरा धरावा. त्यात भांडण नाही की गोंगाट नाही. परंतु ज्यांना भेटण्यासाठी रात्रभर प्रवास केला, त्यांच्याकडेच पाठ करून बसावयाचे, ही कसली सुटी? सर्वांच्या सुटीला सर्वांचा खेळ हवा, आणि त्यात थोरांना व लहानांना जिंकण्याची सारखी संधी हवी, असे माझे मत आहे.

बुद्धिबळ हा थोर खेळ खरा. पण मुरलेल्या आजोबांपुढे नातवाचा टिकाव लागत नाही. विटीदांडूत नातू पुढे आणि आजोबा पायरीवर बसून पाहणार. कवड्यांच्या पटाचे तसे नाही. फरशीवर खडूने पाच आडव्या व पाच उभ्या ओळींची पंचवीस घरे आखावीत, चारही कडांच्या मधल्या घरांत आणि मध्यभागी फुली मारावी, की पट तयार. चिंचोके, खडे, बांगड्यांचे तुकडे यांच्या सोंगट्या कराव्यात. सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. तेलुगू मंडळी याच खेळाला अष्टाचम्मा म्हणतात, तर कर्नाटकात तो चौकाबारा म्हणून ओळखला जातो. त्याचा थोरला भाऊ म्हणजे पचिसी. तिचा दगडी पट फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात आजही दिसतो. तिच्यावरूनच इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुडो निघाला.

चार कवड्या फेकल्या, की जितक्या उताण्या तितके दान. चारही पालथ्या पडल्या तर आठ. या कवड्या एकूण सोळा प्रकारांनी पडू शकतात. ते सारे प्रकार वहीत मांडून पाहा. दोनचे दान त्यांत सहा वेळा आढळेल, आठाचे मात्र एकदाच. आठ पडताच घर का दणाणते, ते मग ध्यानात येईल. दान कोणाच्या वयाकडे पाहत नाही. कोणती सोंगटी चालवावी, एवढेच आपल्या हाती असते.

म्हणूनच वडील माणसांनी मुलांपुढे मुद्दाम हरणे मला मुळीच आवडत नाही. मुलांना ते ताबडतोब कळते, आणि मग जिंकण्यात गोडी उरत नाही. आजीने नातवाची सोंगटी खुशाल मारावी. नातू रुसेल, तासाभराने परत येईल, आणि दुसऱ्या दिवशी आजीच्या सोंगटीवर टपून बसेल.

भांडणे व्हायचीच. एका घरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही, दुसऱ्या घरी जाता येते. तेव्हा पहिली कवडी पडण्यापूर्वीच नियम ठरवून घ्यावेत. ज्याच्या घरी खेळ, त्याच्या घरचा नियम, ही रीत मला न्याय्य वाटते.

याहून अवघड गोष्ट निराळीच आहे. ‘सगळे घर खेळते’ असे आपण म्हणतो, तेव्हा आई आणि काकू कोठे असतात? पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापून झाल्या, की भांडी. भांडी झाली, की चहा. त्यांच्या कष्टावर इतरांचा डाव रंगावा, हे योग्य नाही. भांडी विसळणे, शेंगा सोलणे, पाणी भरणे ही कामे दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना सहज जमतात, काकांनाही जमतात! चौघांनी हात लावला तर काम लवकर उरकते, आणि पटाभोवती दोन माणसे वाढतात.

चारी बाजूंना जोड्या करून आठजणांना बसता येते. आजीबरोबर सर्वांत धाकट्याला बसवावे. तिला दूरचे दिसत नाही, त्याला मोजता येत नाही, दोघांचे मिळून छान जमते. ऊन उतरले आणि सिद्धेश्वराच्या तळ्याकडे फिरावयास निघण्याची वेळ झाली, तरी डाव अर्धा असेल, तर सोंगट्या मुळीच हलवू नयेत. पटावर एखादी मोठी टोपली पालथी घालून ठेवावी आणि पुढचे दान कोणाचे, ते खडूने शेजारी लिहून ठेवावे.