पाणंद आधी मोकळी करा

सुट्टीच्या दिवशी पहाटे आमच्या गावात हल्ली गाड्या येतात. वाईच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर आमचं गाव. गाड्या घाटावर लागतात. त्यातनं रंगीत बूट घातलेली माणसं उतरतात, हातपाय ताणतात आणि नदीच्या कडेनं पळत सुटतात. बरीचशी पुण्याची. साताऱ्याला २०१२ पासून डोंगरातली अर्धी मॅरेथॉन होते, २१ किलोमीटरची. काहीजण तिच्या तयारीला म्हणून येतात. घामाघूम होऊन परतताना म्हणतात, "काका, काय निसर्गरम्य रस्ता आहे तुमचा!"

निसर्गरम्य आहेच. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस आणि हळद, पुढं वैराटगड, पाठीमागं पांडवगड. थंडीत पाण्यावरनं वाफ उठते. पायाखाली माती, त्यामुळं गुडघ्याला धक्का बसत नाही. पण पाव्हण्यांना दिसतो तो रस्ता घाटापासून जेमतेम सव्वा किलोमीटर. तिथनं ते माघारी फिरतात. त्यांना वाटतं, रस्ता संपला. रस्ता संपलेला नाही. तो खाल्लाय.

मी शाळकरी होतो तेव्हा ही वाट घाटावरनं मळीतनं पाणंदीला लागायची, पाणंदीतनं ओढा ओलांडून शिवरस्त्याला, तिथनं वर कालव्याच्या कडेनं परत गावात. सगळा फेर सहा किलोमीटरचा. बैलगाडी त्याच वाटेनं, म्हसरं त्याच वाटेनं आणि मयतसुद्धा त्याच वाटेनं. गावनकाशावर ती आजही आहे. नकाशात गाडीवाटेला साडेसोळा ते एकवीस फूट रुंदी धरतात. जाग्यावर जाऊन बघा. कुठं सहा फूट, कुठं तीन, आणि ओढ्यापलीकडं नुसता ऊस.

कुणी खाल्ली? बाहेरचा कुणी आला नाही. आपल्याच बांधावरच्या माणसांनी खाल्ली, दरसाल नांगरटीला एक-एक तास पुढं सरकून. वरच्या अंगाला एक-दोन बंगलेवाल्यांनी तारेचं कुंपण घातलं, तेव्हा सगळं गाव बोंबललं. उसानं तेच केलं, तर मात्र सगळे गप्प, कारण ऊस भावकीतला.

जरा हिशेब करू. चार फूट वाट तीनशे फूट लांबीनं दाबली, की बाराशे चौरस फूट होतात. गुंठा असतो १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे हाती लागलं काय, तर गुंठ्याहून जरासं जास्त रान. एकरी चाळीस टन धरला, तर त्यात ऊस निघतो एक टनाच्या आसपास. पैसे किती येतात ते उसाच्या माणसाला सांगायला नको. एवढ्या पैशापायी मागच्या वीस खातेदारांची वाट बंद. त्यांचा ऊस बाहेर काढायला डोक्यावर मोळ्या वाहायच्या, आणि आजारी माणूस मळ्यातनं खाटेवर घालून आणायचा.

आता पळायचं सांगतो. पळणं ही काही शहरातल्या लोकांचीच हौस नाही. आमच्या गावची पंधरा-वीस पोरंपोरी पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं आणि मुलींना ८००. शेत दीड एकर आणि खाणारी तोंडं सहा असली, की ती भरती म्हणजे घराचा आधार असतो. ही लेकरं पळतात कुठं? डांबरी सडकेवर, पहाटे चारला. त्याच वेळेला उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडं चाललेले असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नाही की चमकपट्टी नाही. शेजारची एक पोरगी पळते, तेव्हा तिचा बाप मोटारसायकल घेऊन तिच्या मागं राहतो, उजेड पडावा म्हणून आणि ट्रॉली आधी आपल्यावर यावी म्हणून. पाव्हण्यांना मातीची वाट आणि घरच्या लेकीला डांबर, ही कुठली रीत?

सातारा जिल्ह्याला पळणं शिकवायची गरज नाही. माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या. पी. टी. उषांच्या १९८४ च्या शर्यतीनंतर बत्तीस वर्षांनी भारतीय बाई ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत दिसली. बीडच्या मांडव्याचे अविनाश साबळे पायी शाळेला जाणारे. त्यांनी २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्य आणलं. माण आणि आष्टी हे दुष्काळी मुलूख, तिथं कुठला आला नदीकाठ? आमच्या दारात कृष्णा आहे, तरी पोरांना पाय टाकायला मोकळी वाट नाही.

यावर आमच्या पुढाऱ्यांनी तोड काढलीय. नदीकाठचं सुशोभीकरण! सिमेंटचा ट्रॅक, रंगीत ठोकळे, लोखंडी कठडा आणि फोटो काढायला मोठ्या अक्षरात गावाचं नाव. कृष्णाकाठानं २०१९ चा पूर बघितला, २०२१ चाही बघितला. पाणी चढलं की ठोकळे उचकटणार आणि कठड्यात गाळकचरा अडकणार. मातीची वाट पुरात बुडते आणि पाणी ओसरलं की परत वाटच राहते. शिवाय सिमेंटवर पळून गुडघे जाणार ते निराळंच. तेच पैसे पाणंदीवर मुरूम टाकायला आणि ओढ्यावर मोरी बांधायला घाला. पण पाणंद मोकळी करायची म्हणजे मतदाराच्या बांधावर उभं राहायचं. सिमेंट ओतण्यात कुणाचा रोष येत नाही, खरं दुखणं तिथं आहे.

कायदा नाही असंही नाही. वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडं दावा लावता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. म्हणून 'बघू पुढल्या साली' म्हणणाऱ्याची वाट जाते. बांधावरनं वाट हवी असली, तर जमीन महसूल संहितेचं १४३ वं कलम आहे. पण कागदाआधी गावानं पारावर बसून, मोजणी आणून, खुणेचे दगड रोवले, तर भावकीही शाबूत राहील.

गावकऱ्यांना आणखी एक सांगणं. पोरगी पॅन्ट घालून पळाली की पारावर बसून खाकरायचं बंद करा. "काम न्हाय म्हणून पळत्यात" असं म्हणणाऱ्यानं एक दिवस ८०० मीटर पळून दाखवावं.

आणि पाव्हणं, तुम्ही खुशाल या. बाटल्या परत घेऊन जा, हळदीच्या सरीत पाय घालू नका, समोरून बैल आला तर बाजूला उभे राहा आणि माणूस भेटला तर रामराम घाला. जाताना 'छान रस्ता' एवढंच म्हणू नका. ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, "ओढ्याच्या पुढची वाट कुठं गेली?" आम्ही विचारलं तर भांडण होतं. तुम्ही विचारलं तर निदान कुणीतरी गावनकाशा काढून बघेल.

सहा किलोमीटरची वाट आहे. ती सगळीच्या सगळी परत पाहिजे. ऊसतोड सुरू व्हायच्या आधी मोजणी झाली, तर या थंडीत आमची लेकरं डांबरावरनं मातीवर येतील.