भिलाईची थंडी आणि घरातली ऊब
भिलाईत 1959 पासून पोलाद कारखान्याच्या भट्ट्या धगधगताहेत, तरी पौषातल्या रात्री क्वार्टरमध्ये हुडहुडी भरतेच. म्हणून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन, दारे-खिडक्या लावून झोपू नका! तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतच जीव जातो.

त्यापेक्षा तेलाचा रेडिएटर बरा. त्यातले तेल जळत नाही की पुन्हापुन्हा भरावे लागत नाही. तापायला जरा वेळ लागतो, पण बंद केल्यावरही ऊब टिकते. थर्मोस्टॅट असलेलाच घ्या, कारण 2000 वॉटचा हीटर सतत चालला तर तासाला 2 युनिट वीज खातो. प्लग 16 अँपिअरचा हवा, एक्स्टेंशन बोर्ड नकोच. पांढरा की काळा, हे भिंती पाहून ठरवा. आणि हो, त्यावर बाळाची दुपटी वाळत घालू नका.