दोष सुनेच्या माथी का?

इंदिरानगरातील एखाद्या घरी बाळ जन्मते, पेढे वाटले जातात. आणि दुसरा दिवस सरला तरी बाळाला शी होत नाही. पोट तट्ट फुगते, उलटी हिरवी पडते. कोणी एरंडेलाचे बोट चाटवू पाहते, तर कोणी बाळंतिणीलाच विचारते : गरोदरपणी काय खाल्ले होते? ग्रहण पाळले होते ना? एरंडेलाने मोलाचा वेळ जातो. त्या प्रश्नांनी आईचा धीर खचतो.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथे या विकाराचे वर्णन मांडले. सुमारे ५००० जन्मांमागे एका बालकास तो होतो. मुलींपेक्षा मुलांत चौपट. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे जाळे असते आणि त्याच्या चालनेने मळ पुढे सरकतो. या पेशी मूळच्या तेथील नव्हेत. गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांतच त्या पाठीच्या बाजूने निघून आतड्यात उतरतात व खाली सरकत जातात. वाटेतच थांबल्या, तर पुढचा भाग आवळलेला राहतो आणि मळ वरच तुंबतो.

मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. शाह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली पाच कुटुंबांतील बारा अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. कपाळावर पांढरी बट, भुवया व पापण्याही पांढऱ्या, आणि आतड्याचा मोठा भाग मज्जापेशींविना. सारी बाळे जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावली. आईबाप मात्र निरोगी होते. केसांचा आतड्याशी संबंध काय, असे कोणालाही वाटेल. परंतु रंगपेशी आणि आतड्याच्या मज्जापेशी गर्भात एकाच उगमातून निघतात. जगभरच्या वैद्यकग्रंथांत ही व्याधी आज वार्डेनबर्ग-शाह या नावाने नोंदली जाते.

पुढे १९९४ साली या विकारामागील ‘रेट’ नावाचे जनुक हाती आले. त्याच वर्षी, आपसांतच विवाह करणाऱ्या अमेरिकेतील मेनोनाइट पंथात दुसरे एक जनुक सापडले. जातीतच सोयरीक जुळवणाऱ्या कोणत्याही समाजाने ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकलेले अरविंद चक्रवर्ती यांच्या गटाने २००५ साली ‘रेट’मधीलच एक सौम्य, पण लोकांत पुष्कळ आढळणारा बदल दाखविला. असा बदल बाळाला आईकडून येऊ शकतो तसाच वडिलांकडूनही. काही जनुकीय बदल तर बाळातच प्रथम उपजतात. आहाराचा वा ग्रहणाचा येथे संबंध नाही.

कर्मसिद्धांताचा आधार घेऊन सुनेला बोल लावणाऱ्यांचेही नवल वाटते. शरीराची घडण ज्याच्या त्याच्या नामकर्माने होते, एका जीवाचे कर्म दुसरा भोगत नाही, हेच तर आपल्याकडे पाठशाळेत शिकविले जाते.

आता उपाय आहे. स्वेन्सन यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेपासून मज्जापेशीविरहित भाग काढून निरोगी आतडे खाली जोडता येते. बहुतेक मुले वाढतात, शाळेत जातात. पहिल्या ४८ तासांत शी न झाल्यास बाळाला बालशल्यचिकित्सकाकडे नेणे तेवढे लांबवू नये.

दुसऱ्या अपत्याच्या वेळी जनुकतज्ज्ञ वंशवृक्ष काढतात. कागदावर सासर व माहेर या दोन्ही बाजूंना सारखीच जागा असते. तेव्हा ‘लहानपणीच गेला’ एवढेच म्हणून ज्याचा विषय घरात मिटविला जातो, त्या चुलत्याचेही नाव तेथे लिहावे लागते.