वकील नेमका कोणाचा?

कपाशीची पहिली वेचणी सुरू असते आणि नेमकी त्याच आठवड्यात तारीख लागते. पहाटेची एस.टी. धरून माणूस कोर्टात पोहोचतो. दुपारी अडीचला पुकारा होतो. अर्जदार हजर. जिल्हाधिकाऱ्यांतर्फे सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात आहेत. आणि महामंडळातर्फे एक अनोळखी काळा कोट उभा राहून म्हणतो, "नवीन नेमणूक आहे, वकीलपत्र दाखल करायला मुदत मिळावी." रोजनाम्यात दोन शब्द पडतात, "मुदत मंजूर". शेतकरी परत फिरतो. घरी येईस्तोवर वेचणीच्या बायका निघून गेलेल्या असतात.

गेल्या काही बैठकांत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आमच्याकडे आला. "भाऊ, आमची जमीन सरकारने घेतली. सरकारला सरकारी वकील आहे. मग हा खासगी वकील सरकारच्या बाजूने कसा काय उभा राहतो? हे कायद्यात बसते का?" काहींना वाटते, यावर हरकत घेतली की खटलाच आपल्या बाजूने लागेल. काहींना तसे सांगणारेही भेटले आहेत, आणि सांगण्याचे पैसे घेऊन गेले आहेत. म्हणून यावर एकदा सविस्तर लिहिणे आम्हाला भाग आहे.

आधी एक भ्रम काढून टाकू. दिवाणी कोर्टात ज्याला आपण सरकारी वकील म्हणतो तो सरकारचा पगारी नोकर नसतो. फौजदारी बाजूला खालच्या कोर्टात पगारी सरकारी अभियोक्ते असतात, ती गोष्ट वेगळी. जिल्हा सरकारी वकील हा तुमच्या-आमच्या वकिलासारखाच वकिली करणारा माणूस असतो. राज्य सरकारचे १९८४ चे विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचे नियम आहेत, त्याखाली त्याला ठराविक मुदतीसाठी, ठरलेल्या मेहनतान्यावर नेमतात. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम २(७) मध्ये सरकारी वकिलाची व्याख्या आहे आणि त्याच्या हाताखाली, त्याच्या सांगण्यावरून काम करणारा वकीलही तीत धरला आहे. म्हणजे ज्याला 'सरकारी' म्हणायचे तोही मुळात खासगीच. फरक एवढाच की त्याच्या पाठीमागे नेमणुकीचा हुकूम असतो.

ही नेमणूक कशी होते हे सांगायला नको. मंत्रालयातले धनी बदलले की जिल्ह्याजिल्ह्यातले सरकारी वकील बदलतात. उत्तर प्रदेशात १९९० साली एका फटक्यात राज्यातल्या सगळ्या जिल्हा सरकारी वकिलांना घरी बसवले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम मोडून काढला आणि बजावले की अशी नेमणूक म्हणजे राज्यकर्त्यांच्या मर्जीची खिरापत नाही, तिलाही घटनेचे १४ वे कलम लागू आहे. पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात २०१६ साली पुन्हा तेच सांगावे लागले. सव्वीस वर्षांनी तोच धडा पुन्हा गिरवावा लागतो, यावरून पहिल्या खेपेला तो किती मुरला होता ते दिसते.

आता महामंडळाकडे वळू. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ चे, गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ १९९८ चे. औद्योगिक विकास महामंडळ त्याहून कितीतरी जुने. ही सगळी कायद्याने जन्माला घातलेली स्वतंत्र शरीरे आहेत. त्यांच्या नावाने दावा लावता येतो, त्यांनाही लावता येतो. जिल्हा परिषद, नगरपालिका, बाजार समिती यांचेही तसेच. अशा संस्थेला आपला वकील आपण निवडता येतो. तिच्या पगारावर विधी अधिकारी असला तरी बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला नोकरीत असताना वकिली करता येत नाही. तेव्हा फाईल तो लिहितो आणि काळा कोट पॅनेलवरचा येतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणही लवादापुढे आणि कोर्टात असेच पॅनेलवरचे वकील उभे करते.

म्हणजे मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर 'होय, बसते' असे आहे. वकील खासगी आहे एवढ्याच कारणाने त्याला कोणी कोर्टाबाहेर काढणार नाही. हे उत्तर पुष्कळांना आवडणार नाही. पण खोटी आशा विकण्याचा धंदा आमचा नाही.

मात्र खासगी वकील आला म्हणजे त्याला रान मोकळे, असे मुळीच नाही.

भूसंपादनात जमीन घेणारे सरकार असते आणि पैसा जातो महामंडळाच्या थैलीतून. म्हणून १८९४ च्या जुन्या कायद्यात कलम ५०(२) होते. ज्या संस्थेसाठी जमीन घेतली तिला मोबदल्याची रक्कम ठरवण्यापुरते हजर राहता येते आणि पुरावा देता येतो. रक्कम ठरवण्यापुरते, हे शब्द ध्यानात ठेवा. त्याच कलमाने तिला वाढीव मोबदल्यासारखा स्वतंत्र संदर्भ अर्ज करण्याची मनाई होती. पुढे उत्तर प्रदेशातल्या गृहनिर्माण परिषदेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९९४ साली सांगितले की अशा संस्थेला नोटीस मिळालीच पाहिजे, तिचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, आणि कोर्टाच्या परवानगीने तिला अपीलही करता येते.

हा निकाल आपल्या विरुद्ध आहे असे वाटते. तो नीट वाचला तर आपल्याला एक शहाणपण शिकवतो. पुष्कळ शेतकरी अर्जात फक्त जिल्हाधिकारी आणि भूसंपादन अधिकारी यांनाच सामनेवाले करतात. वाटते, विरोधक जितके कमी तितके बरे. सात-आठ वर्षांनी निकाल लागतो, रक्कम वाढते, पेढे वाटले जातात. मग महामंडळ उठते आणि म्हणते, "आम्हाला नोटीसच नव्हती." वरचे कोर्ट निकाल रद्द करून प्रकरण पुन्हा खाली पाठवू शकते. साक्षीदार तोवर म्हातारा झालेला असतो, नाहीतर गेलेला. ज्याने शेजारच्या शेताचे खरेदीखत सिद्ध केले होते तो आता आणायचा कुठून? म्हणून आमचे सांगणे असे आहे की ज्या संस्थेसाठी जमीन गेली तिला पहिल्याच दिवशी सामनेवाले करा. तिचा वकील सुरुवातीलाच कोर्टात आलेला परवडतो, शेवटी आलेला परवडत नाही.

आता खरी मेख सांगतो. कायद्याने 'सरकार' या शब्दाला काही खास सवलती दिल्या आहेत. सरकारवर दावा करण्याआधी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सरकारवर हुकूमनामा झाला तरी कलम ८२ प्रमाणे तीन महिने दरखास्तीची अंमलबजावणी थांबते. अपिलात स्थगिती घेताना इतरांना जामीन द्यावा लागतो, सरकारला ऑर्डर २७ नियम ८-अ प्रमाणे तो लागत नाही. या सवलती सरकारला आणि सरकारी अंमलदाराला आहेत. महामंडळ हा शब्द तिथे नाही.

पण घडते काय? वकील नेमायची वेळ आली की महामंडळ म्हणते, आम्ही स्वतंत्र, आमचा वकील आम्ही नेमू. जामीन द्यायची वेळ आली की तेच महामंडळ म्हणते, आम्ही सरकारच. एका खांद्यावर दोन मुंडकी. शेतकऱ्याने मात्र वाढीव रक्कम उचलायची म्हटले की त्याच्याकडे बँक हमी नाहीतर तारण मागतात. ज्याची जमीनच गेली त्याने तारण कशाचे द्यायचे? आपल्या वकिलाने अशा वेळी उभे राहून एकच विचारावे. हे स्वतंत्र असतील तर इतर पक्षकारांसारखी निम्मी किंवा पूर्ण रक्कम कोर्टात भरू देत, आणि सरकार असतील तर सरकारी वकील कुठे आहेत ते सांगू देत.

दुसरी गोष्ट वकीलपत्राची. महामंडळाच्या वकीलपत्रावर सही कोणाची आहे, ते पाहा. सही करणाऱ्या कार्यकारी अभियंत्याला तो अधिकार कोणत्या ठरावाने किंवा हुकुमाने दिला आहे, हे विचारता येते. आणि खुद्द सरकारच्या खात्याची गोष्ट असेल तर कलेक्टरने मनाला येईल तो वकील उभा करायचा नसतो, नेमणुकीचे काम विधी व न्याय विभागाचे आहे. हरकत घ्यायची तर ती इथे घ्या. 'खासगी आहे' ही हरकत फुसकी आहे, 'अधिकार दाखवा' ही हरकत खरी आहे. मात्र तीही पहिल्या तारखेला घ्यावी. पाच वर्षे गप्प बसून निकालाच्या तोंडावर घेतली तर न्यायाधीश हसतील.

तडजोडीत तर हे अधिक जपावे लागते. लोकअदालतीत महामंडळाचा वकील गोड बोलतो, "व्याज सोडा, पुढच्या महिन्यात चेक देतो." चेक देण्याचा अधिकार त्याला आहे काय? पक्षकाराच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाने हक्क सोडून देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आहे, ते दोन्ही बाजूंना लागू आहे. अधिकाऱ्याची सही आणि पैसे देण्याची तारीख कागदावर आल्याशिवाय अंगठा उठवू नका, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

व्याज सोडणे म्हणजे काय सोडणे, त्याचा हिशेब मांडतो. जुन्या कायद्यात वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिल्या वर्षी शेकडा ९ आणि पुढे शेकडा १५ व्याज आहे. समजा एक लाख रुपये वाढले आणि दहा वर्षे गेली. व्याज झाले १ लाख ४४ हजार. मुद्दलापेक्षा जास्त! शेकडा ३० ची दिलासा रक्कम त्यात धरलेली नाही, आणि २००१ पासून तिच्यावरही व्याज मिळते. महामंडळाचा वकील एक महिन्याची मुदत मागतो तेव्हा या एक लाखावर सव्वा हजार रुपयांचा बोजा जनतेच्या तिजोरीवर चढतो. त्याला हजेरीवर फी मिळत असेल तर त्याचे त्यात काय जाते? अभियंत्याचे तरी काय जाते? आणि निकाल लागला की हेच लोक वर्तमानपत्रात सांगतात की शेतकऱ्यांच्या मोबदल्यामुळे प्रकल्प महागला.

महामार्गाचे उदाहरण ताजे आहे. महामार्गासाठी गेलेल्या जमिनींना दिलासा रक्कम आणि व्याज नाकारणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर हा निकाल फक्त पुढच्या प्रकरणांना लागू करा, असे मागत प्राधिकरण पुन्हा त्याच कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मागणी फेटाळली गेली. हरलेली लढाई पुन्हा लढायला या वकिलांना फी मिळाली. शेतकऱ्याला त्या काळात तारखा मिळाल्या.

म्हणून आमचा आक्षेप खासगी वकिलाच्या कोटावर नाही, त्याच्या फीवर पडलेल्या पडद्यावर आहे. महामंडळाने कोणाला किती फी दिली, कोणत्या ठरावाने, किती तारखांची, हे प्रत्येक वर्षी कार्यालयाच्या फळ्यावर लागले पाहिजे. ते लावीत नाहीत तोवर २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या, तीस दिवसांत उत्तर यायला हवे. आमच्या एका कार्यकर्त्याने आपल्याच प्रकरणात असा अर्ज दिला. पाझर तलावात त्याची साडेतीन एकर गेलेली, ताबा आधी आणि निवाडा कितीतरी नंतर. उत्तर आले ते असे, की चार वर्षांत तीन वकील बदलले आणि प्रत्येक नव्याने कागद वाचायला मुदत मागितली. त्याच्या वकिलाने ते उत्तर कोर्टापुढे ठेवले. त्यापुढच्या तारखेला उलटतपासणी झाली.

आपल्या घराकडेही पाहायला हवे. मिळालेल्या रकमेच्या शेकडा पंधरा-वीस घेणारे वकील आपल्याच बाजूला आहेत. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे. आणि एकेकाळी शेतकऱ्याला सल्ला दिलेला वकील त्याच प्रकरणात महामंडळातर्फे उभा राहिला, असेही आमच्या कानावर आले आहे. तेही नियमात बसत नाही. तिथे मात्र लेखी हरकत घ्या आणि मागे हटू नका, ही हरकत फुसकी नाही.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांची प्रकरणे चालू आहेत त्यांनी रोजनाम्याची नक्कल आणि सामनेवाल्यांच्या वकीलपत्राची नक्कल घेऊन यावे. नकलेचा अर्ज कोर्टाच्या नक्कल विभागात स्वतःही देता येतो. कोणी किती वेळा मुदत मागितली, त्याची तालुकावार यादी बैठकीतच बसून करू.