फुंकर एकच, रिपोर्ट दोन! फुप्फुसं 'नॉर्मल' आहेत हे ठरतं कसं?

खोकला काही जाईना म्हणून डॉक्टरांनी मला मागच्या महिन्यात स्पायरोमेट्री करायला पाठवलं. नाकाला चिमटा लावून नळीत जीव खाऊन फुंकलो. स्क्रीनवर आलं, ७८ टक्के. टेक्निशियनने मेनूमधला वंशाचा पर्याय बदलला आणि तीच फुंकर झाली ८९ टक्के! हवा तर तेवढीच होती, चार लिटर. मग बदललं काय?

मशीन फक्त लिटर मोजतं. टक्के येतात तुलनेतून. वय, उंची आणि लिंग टाकलं की सॉफ्टवेअर तुमच्यासारख्या निरोगी माणसाची अपेक्षित क्षमता काढतं. ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्हची २०१२ची सूत्रं यासोबत वंशही विचारतात. गोरे, आफ्रिकन-अमेरिकन, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई आणि 'इतर', एवढेच गट. भारतीयांसाठी वेगळा गटच नाही! म्हणजे आपला आकडा लॅबने काय निवडलं यावर ठरतो.

यातला धोका मोठा आहे. प्रदूषण, गरिबी आणि लहानपणीचं कुपोषण यांनीही फुप्फुसं लहान राहतात. 'या गटाचं असंच असतं' म्हटलं की खरा आजारही नॉर्मल दिसू शकतो. म्हणून २०२३मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश न विचारणारं सरासरी सूत्र वापरायला सांगितलं. पण रेषा हलवली की परिणाम दोन्हीकडे होतात. काहींना उपचार लवकर मिळतील, तर काही जण नोकरीसाठी किंवा ऑपरेशनसाठी अनफिट ठरतील.

दुसरी रेषा आपल्या वयाच्या लोकांसाठी जास्त महत्त्वाची. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा भागिले एकूण हवा. हे गुणोत्तर ०.७०च्या खाली गेलं की श्वासनलिकांत अडथळा, असा सरसकट नियम बरेच जण वापरतात. पण हे गुणोत्तर वयानुसार कमी होतं. त्यामुळे पंचविशीतला ०.७२वाला आजारी असूनही पास होऊ शकतो आणि पंचाहत्तरीतल्या ठणठणीत आजोबांना ०.६८वर आजाराचं लेबल लागू शकतं. त्याऐवजी वयानुसार खालची मर्यादा धरता येते. निरोगी १०० जणांत सर्वांत खाली असणारे ५ जण जिथे येतात, ती रेषा. झेड-स्कोअर उणे १.६४ म्हणजे हीच. अर्थात, यातही १०० निरोगी लोकांमागे ५ जण उगाच अडकतात.

माझं गुणोत्तर चांगलं होतं. डॉक्टरांनी टक्क्यांवर न थांबता छाती तपासली, इनहेलर देऊन पुन्हा फुंकायला लावलं आणि मगच औषध ठरवलं.

तुमचा रिपोर्ट आला तर तीन गोष्टी बघा: कोणतं सूत्र वापरलंय, झेड-स्कोअर किती आहे आणि जुना रिपोर्ट असेल तर त्यात लिटर किती होते. सूत्र बदललं तरी लिटर बदलत नाहीत. आणि रिपोर्ट नॉर्मल असूनही दम लागत असेल, तर गप्प बसू नका. डॉक्टरांना तसं सांगा.