जुन्या पेटीचे नवे गिऱ्हाईक

संगीताची थोडीफार आवड असलेल्या मराठी घरात एखादे तरी वाद्य असे असते, की ज्याचा उपयोग संपलेला असतो, पण ज्याने अडवलेली जागा मात्र सुटलेली नसते. मुलगी लग्न होऊन परगावी गेल्यावर मागे राहिलेला तानपुरा, वडिलांच्या पश्चात कोणी न उघडलेली पेटी, विशारदच्या परीक्षेनंतर माळ्यावर गेलेली तबल्याची जोडी. पूर्वी अशी वाद्ये ओळखीपाळखीतून किंवा वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातीतून दुसऱ्या घरी जात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा व्यवहार ओएलएक्स, क्विकर, फेसबुक यांसारख्या इंटरनेटवरील बाजारांत गेला आहे. त्यात वावगे काहीच नाही. उलट सांगलीतील तानपुरा नागपूरच्या विद्यार्थिनीच्या दृष्टीस पडावा, ही सोय पूर्वी नव्हती. मात्र जाहिरात झळकताच अर्ध्या-एक तासात जो पहिला फोन येतो, तो अनेकदा गिऱ्हाइकाचा नसतो, भामट्याचा असतो.

केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये हाच आकडा ७,४६५ कोटींच्या घरात होता. या राशीत जुन्या वस्तू विकणाऱ्यांचा वाटा लहानच असणार. परंतु लहान रकमेची फसवणूक लहान माणसाच्या वाट्याला येते, आणि तिची बातमी होत नाही. दहा-बारा हजारांना पेटी विकायला निघालेल्या निवृत्त शिक्षकाचे वीस-पंचवीस हजार गेले, तर पोलीस ठाण्यात त्याला प्रथम ऐकावा लागतो तो उपदेश: लोभाला बळी पडू नका.

हा उपदेश इथे सर्वस्वी अप्रस्तुत आहे. शेअर बाजारात महिन्याला पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागलेल्याला तो लागू पडेल. पण जुनी वस्तू विकणारा फुकट काही मागत नसतो. आपली वस्तू द्यायची आणि तिचा रास्त मोबदला घ्यायचा, एवढीच त्याची अपेक्षा असते. तो फसतो तो सौजन्यामुळे, गणवेशाविषयीच्या आदरामुळे आणि मोबाइलमधील यंत्रणेचे आपल्याला पुरते ज्ञान नाही हे कबूल करण्याच्या संकोचामुळे. शिक्षक आणि कारकून यांच्या वर्गात हे तीनही गुण मुबलक आढळतात, आणि भामट्यांनी ते पुरते हेरले आहेत.

या फसवणुकीचा ठरावीक नाट्यप्रयोग पाहण्यासारखा आहे. फोन करणारा हिंदीत बोलतो. आपण लष्करात आहोत, सध्या खडकीला, देवळालीला किंवा अहिल्यानगरला नेमणूक आहे, असे सांगतो. पुरावा म्हणून ओळखपत्राचे आणि कँटीन कार्डाचे छायाचित्र न मागता पाठवतो. ते बहुधा कोणा खऱ्या जवानाचेच असते, पण त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. भावात घासाघीस करीत नाही. मुलीला वाढदिवसाची भेट द्यायची आहे, स्वतः येता येत नाही, एक जवान गाडी घेऊन येईल, पैसे मात्र आताच पाठवतो, असे म्हणतो. लष्कराच्या खात्यातून पैसे द्यायची पद्धत जरा वेगळी आहे, तेव्हा खात्री करण्यासाठी तुम्ही आधी ५ रुपये पाठवा, तुम्हाला १० परत येतील, असे तो सांगतो. आणि ते १० रुपये खरोखर येतात! सगळ्या प्रयोगातील खरी गुंतवणूक ती एवढीच. त्यानंतर व्हॉट्सअॅपवर एक क्यूआर कोड येतो. त्यावर ठरलेली रक्कम आणि ‘पैसे प्राप्त करा’ अशा अर्थाचा मजकूर असतो. विक्रेता तो स्कॅन करतो, पिन टाकतो आणि त्याच्या खात्यातून बारा हजार वजा होतात. तो घाबरतो. पलीकडचा मात्र शांत असतो. सर्व्हरची चूक झाली, पुन्हा एकदा स्कॅन करा, दोन्ही रकमा एकदम येतील, असे तो धीर दिल्यासारखे सांगतो. ही दुसरी, तिसरी खेपच खरा घात करते. कारण तेव्हा माणूस वस्तू विकत नसतो, गेलेला पैसा परत मिळवू पाहत असतो. या सर्व काळात फोन ठेवू दिला जात नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारायला दोन मिनिटे मिळाली तर खेळ संपतो.

सुशिक्षित माणूस इथे चकतो कसा, असे विचारणारे एक गोष्ट विसरतात. १९८७ मध्ये मुंबईत देशातील पहिले एटीएम आले आणि पुढील तीस वर्षे आपण सर्वजण एकच धडा गिरवला: पिन टाकला की पैसे हातात पडतात. २०१६ मध्ये यूपीआयची पद्धत आली आणि तोच ‘पिन’ हा शब्द नेमक्या उलट्या अर्थाने वापरात आला. इथे पिन म्हणजे खात्यातून पैसे देण्याची आज्ञा, धनादेशावरील सहीच म्हणा ना. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. क्यूआर कोडमध्येही असते ते पैसे घेणाऱ्याचे नाव आणि त्याचा यूपीआय पत्ता. फार तर रक्कम. तो जो स्कॅन करतो तो पैसे देणारा, हे भाजीवाल्याच्या गाडीवर रोज दिसत असूनही, तेच चित्र आपल्या मोबाइलवर उलट दिशेने आले की डोळ्यांना उमगत नाही. एकच खूण दोन परस्परविरुद्ध कामांसाठी वापरायची आणि मग गोंधळलेल्या माणसालाच निष्काळजी ठरवायचे, हा न्याय काही बरोबर नाही.

यंत्रणेत सुधारणा झाल्याच नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशाची ‘मागणी’ पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने बंद केली. याच सोयीचा आधार घेऊन भामटे ‘स्वीकारा’ असे बटण दाबायला लावीत. सुधारणा योग्यच आहे. परंतु ते दार बंद करायला नऊ वर्षे लागली आणि क्यूआर कोडचे दार अजून उघडेच आहे.

वाद्यांच्या बाबतीत विक्रेत्याच्या हाती एक स्वाभाविक कसोटी असते; तिचा उपयोग मात्र फार थोडे लोक करतात. मोबाइल किंवा शीतकपाट न पाहता विकत घेता येते, कारण त्याचा एक नमुना दुसऱ्यासारखाच असतो. वाद्याचे तसे नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही हाताच्या कारागिरीचाच मान आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळ्याचा प्रत्येक तानपुरा निराळा बोलतो, आणि जवारी कशी लागली आहे हे ऐकल्याखेरीज कळत नाही. तबला घेणारा प्रथम विचारतो तोंडाचे माप आणि स्वर. काळी एकचा तबला काळी चारवर गाणाऱ्या मुलीला निरुपयोगी असतो. पेटी घेणारा स्वर जर्मन आहेत की पालिताण्याचे, भाता गळतो का, स्केल-चेंजर आहे का, हे विचारल्यावाचून राहत नाही. निदान ‘जरा वाजवून ऐकवा’ एवढे तरी तो म्हणतोच. जो गृहस्थ पंधरा हजारांचे वाद्य स्वर न विचारता, न ऐकता, न हाताळता, सांगितलेल्या किमतीला घेतो, त्याला वाद्य नको आहे. उलटप्रश्न केला तर तो गडबडतोच: ‘आपल्याला कोणता स्वर हवा?’ या साध्या प्रश्नाला लष्करी शिस्तीतही उत्तर नसते. जाणत्या गिऱ्हाइकाची घासाघीस ही वस्तुतः प्रामाणिकपणाची खूण आहे. ती आपल्याला जाचक वाटते आणि न घासता घेणारा सज्जन वाटतो, इथेच पाय घसरतो.

इतर युक्त्यांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. पैसे पाठवल्याचे बनावट चित्र किंवा बनावट संदेश दाखवून वस्तू उचलणे ही एक. बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात रक्कम दिसेपर्यंत वस्तू हलवू नये, हाच तिच्यावरचा उपाय. चुकून जास्त पैसे पाठवले, फरक परत करा, हा तिचाच चुलतभाऊ. कुरिअरचा विमा किंवा पॅकिंगचा खर्च आधी विक्रेत्याने भरावा, असा तिसरा प्रकार. चौथा प्रकार मोबाइल दुरून चालवण्याचे ॲप उतरवून घ्यायला लावण्याचा. एनीडेस्क या ॲपच्या अशा गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. अपरिचिताच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप घ्यायचे नाही, एवढे पथ्य इथे पुरते.

यापेक्षा अधिक विचार करायला लावणारा एक प्रकार आहे. त्यात विक्रेत्याला पैसे पूर्ण मिळतात आणि तरीही तो अडकतो. भामटा विक्रेत्याची जाहिरात, छायाचित्रांसह, उचलतो आणि स्वतःच्या नावाने कमी किमतीत लावतो. त्याला भुलून जो खरा ग्राहक येतो, त्याला तो पैसे मूळ विक्रेत्याच्या खात्यात भरायला सांगतो. विक्रेत्याच्या खात्यात पैसे येतात. भामट्याचा माणूस येऊन वाद्य घेऊन जातो. ग्राहकाला काहीच मिळत नाही, तो तक्रार करतो, आणि तक्रारीत खाते क्रमांक असतो तो निरपराध विक्रेत्याचा. मग परराज्यातील कुठल्याशा पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून बँक त्याच्या खात्यातील रक्कम, प्रसंगी सारे खातेच, गोठवते. पगाराच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या खात्यावर अशी टाच आली तर घरखर्चच थांबतो. चोरीचा पैसा पुढे सरकू नये म्हणून तातडीने खाती रोखणे आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. पण रोखलेले खाते निर्दोष माणसाला किती दिवसांत आणि कोणाकडे जाऊन सोडवता यावे, याचे उत्तर सामान्य खातेदाराला सहज मिळत नाही, ही गोष्ट गंभीर आहे. यास्तव जो वस्तू नेतो त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे घ्यावेत. नाव जुळत नसेल तर व्यवहार मोडावा. वाद्याच्या मोबदल्याची दोन ओळींची पावती करून तिच्यावर घेणाऱ्याची सही घ्यावी. आपल्या आजोबांच्या पिढीला हे निराळे सांगावे लागत नसे.

कायद्याच्या दृष्टीने या विक्रेत्याची अवस्था अधांतरी आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतून, धंदा म्हणून नव्हे तर व्यक्तिगत नात्याने विक्री करणारा वगळलेला आहे, आणि फसवणारा ‘ग्राहक’ असल्याने विक्रेत्याला ग्राहक म्हणून संरक्षण मागता येत नाही. बाजार चालवणाऱ्या कंपन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाखाली ‘मध्यस्थ’ ठरतात आणि इतरांच्या मजकुराची जबाबदारी टाळू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाचे दायित्व मर्यादित केले खरे; परंतु ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, त्याने बँकेला कळवीपर्यंतचे, त्याचे त्यालाच सोसावे लागते. ज्याने स्वतःच्या बोटाने पिन टाकला, तो या चौकटीत बसवायचा कसा? भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ड हे कलम भामट्याला लागू होते, पण त्यासाठी तो सापडावा लागतो. हरियाणा पोलिसांनी एप्रिल २०२३ मध्ये नूह जिल्ह्यातील १४ गावांवर हजारो पोलिसांनिशी एकदम छापे घातले, तेव्हा या धंद्याची गावोगावची व्याप्ती देशासमोर आली. दुसऱ्यांच्या नावाची सिमकार्डे आणि भाड्याने घेतलेली बँक खाती यांचा पुरवठा तुटत नाही, तोवर एका जिल्ह्यातून हुसकलेला धंदा दुसरीकडे दुकान मांडणार.

फसवणूक झालीच तर पहिला तास मोलाचा. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. २०१९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवावा, कारण पैसा कोणत्या बँकेत गेला हे त्यावरूनच शोधले जाते. तो पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवला गेला तरच परत मिळण्याची आशा असते. प्रत्यक्षात हा तास वाया जातो तो शरमेत. मुलाला सांगू की नको, कचेरीत हसतील का, या विचारात संध्याकाळ होते.

या सगळ्याचा एक परिणाम मात्र कुठल्याच आकडेवारीत येणार नाही. एकदा पोळलेला माणूस पुन्हा जाहिरात देत नाही. वाद्य माळ्यावरच राहते. नवा तानपुरा किंवा चांगली पेटी ज्या विद्यार्थ्याला परवडत नाही, त्याचा मार्ग जुन्या वाद्यांच्या बाजारातूनच जातो, आणि तोच बाजार असा आकसतो. संगीत विद्यालयांनी यात थोडे लक्ष घातले तर पुष्कळ होईल. वर्गाच्या भिंतीवर एक फळा लावून विकाऊ वाद्यांची नोंद ठेवावी, वाद्य वर्गात आणून गुरुजींसमोर वाजवून पाहू द्यावे, जमल्यास वाद्यदुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून किमतीचा अंदाज घ्यावा. परीक्षांचे हंगाम संपले की अशी वाद्ये दर वर्षी निघतात आणि जूनमध्ये नवे विद्यार्थी येतात. मधल्या दोन महिन्यांत हा फळा भरायला हरकत नसावी.